हॉटेलच्या गल्ल्यातील कपात : कार्ड, यूपीआय व मशीनचे भाडे



शेतकी विभागाच्या या पानावर आपण दरवेळी बेणे, खोडवा, खताच्या मात्रा व हुमणीचा बंदोबस्त याविषयी वाचत असता. यावेळचा विषय उसाचा नाही. तरीही तो येथे का घेतला, ते आधी सांगतो.

वरवट बकाल भागातील एक सभासद मध्यंतरी ऊसबिलाचा कागद घेऊन गट कार्यालयात आले होते. टनाचा दर काय लागला, तोडणी-वाहतुकीचे किती गेले, सोसायटीच्या कर्जापोटी किती वळते झाले, असा सगळा हिशेब आम्ही त्यांना मांडून दाखविला. त्यांचे समाधान झाले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला दुसरा एक कागद काढून टेबलावर ठेवला व म्हणाले, "साहेब, उसाचं तं समजलं. आता हे कटौती कशाची व्हय, तेवढं सांगा. पोराले दोन टक्के म्हणून सांगतलं होतं, अन् इथं तं तीनच्या जवळ गेले."

त्यांच्या मुलाने शेगाव रस्त्याला छोटे हॉटेल टाकले आहे. सकाळी पोहे-कचोरी-चहा, दुपारी व रात्री जेवण. शेगावला श्रींच्या दर्शनाला जाणारे-येणारे लोक थांबतात, बाजाराच्या दिवशी गर्दी असते, हंगामात ट्रॅक्टर-ट्रकवाले येतात. गिऱ्हाइकाने कार्ड पुढे केले तर नाही म्हणायला नको, म्हणून मुलाने एका बँकेकडून कार्ड घासण्याचे मशीन घेतले होते. तो कागद त्या मशीनचा महिन्याचा हिशेब होता.

त्या दिवशी आम्हाला त्याचे उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण शेतीच्या पदविकेचे, व बँकेच्या कागदात इतके बारीक शिरण्याचा प्रसंग पूर्वी आला नव्हता. कागद ठेवून घेतला, बँकेत दोनदा जाऊन बसलो, रिझर्व्ह बँकेची परिपत्रके मिळवून वाचली. नंतर चौकशी केली तेव्हा असे दिसले की आपल्या सभासदांपैकी बऱ्याच घरांत आज एखादे हॉटेल, खानावळ, चहाची टपरी, रसवंती किंवा धाबा आहे. ऊस बापाच्या नावावर व गल्ला मुलाच्या हातात, अशी स्थिती आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम कपातीचे महत्त्व पाहू. आपल्या उसाच्या दरात उताऱ्याच्या दहाव्या भागालाही किंमत असते, हे आपल्याला सांगायला नको. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरविली, व त्यावर उतारा ०.१ टक्का वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. म्हणजे एक दशांश टक्क्याने टनाला साडेचौतीस रुपयांचा फरक. उताऱ्यासाठी आपण एवढे भांडतो, आणि हॉटेलच्या गल्ल्यातून दोन-तीन टक्के गेले तर "जाऊ द्या, चिल्लर आहे" असे म्हणतो. पण हॉटेलच्या शंभर रुपयांच्या बिलात गॅस, तेल, पीठ, भाजी, आचाऱ्याचा पगार व जागेचे भाडे जाऊन मालकाच्या हाती समजा दहा रुपये उरतात. त्यातून दोन रुपये गेले तर ते शंभरातले दोन नव्हेत, ते दहातले दोन होत. नफ्याचा पाचवा हिस्सा.

आता ही कपात कोण करतो, कशासाठी करतो, ते पाहू.

गिऱ्हाईक मशीनला कार्ड लावतो तेव्हा चार जण कामाला लागतात. एक आपला हॉटेलवाला. दुसरी, ज्या बँकेने त्याला मशीन दिले ती बँक. तिसरी, ज्या बँकेने गिऱ्हाइकाला कार्ड दिले ती बँक. आणि चौथी, या दोन बँकांच्या मध्ये निरोप्याचे काम करणारी संस्था. व्हिसा, मास्टरकार्ड व आपल्या देशाचे रुपे ही त्या चौथ्या मंडळींची नावे, कार्डाच्या कोपऱ्यात छापलेली असतात. मशीन आपल्या बँकेला विचारते, ती निरोप्यामार्फत कार्डाच्या बँकेला विचारते, तिकडून "दे" असा होकार परत येतो व कागद बाहेर पडतो. हे सारे चार-पाच सेकंदात होते. पैसे मात्र हॉटेलवाल्याच्या खात्यात बहुधा दुसऱ्या दिवशी येतात, व येताना त्यातून ठराविक टक्के कापून येतात. या कपातीला एमडीआर म्हणतात. ती मशीन देणाऱ्या बँकेच्या नावाने कापली जाते, पण सगळी तिच्याकडे राहत नाही. क्रेडिट कार्डात त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, थोडा निरोप्याकडे, व उरलेला मशीनवाल्या बँकेकडे. म्हणून आपल्या शाखेच्या व्यवस्थापकाशी कितीही ओळख असली तरी तो क्रेडिट कार्डाचा दर एका मर्यादेखाली आणू शकत नाही. त्याच्या हातात त्यातला लहान तुकडाच असतो.

क्रेडिट कार्डाला एवढे का लागते, असे त्या सभासदांनी विचारले. त्याचे उत्तर आपल्याच धंद्यात आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावेत असा नियम आहे. साखर मात्र कारखान्याच्या गोदामात महिनोन् महिने पडून असते. मधल्या काळाचा पैसा कारखान्याला बँकेकडून उचलावा लागतो व त्यावर व्याज भरावे लागते. क्रेडिट कार्डातही तेच आहे. गिऱ्हाईक आज जेवला, हॉटेलवाल्याला पैसे उद्या मिळाले, पण गिऱ्हाईक आपल्या बँकेला ते महिना-दीड महिन्याने देणार. मधल्या दिवसांचा भार कार्ड देणारी बँक सोसते. कोणी पैसे बुडविले तर तेही तिच्याच अंगावर. शिवाय गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी ती "पॉइंट" वाटते. हा सारा खर्च ती शेवटी दुकानदाराकडून काढते. आमचे मत विचाराल तर पॉइंटचा खर्च हॉटेलवाल्याने का द्यावा, हे काही आम्हाला पटत नाही. पण रीत तशी पडली आहे खरी.

आणि ही रीत हॉटेलापासूनच पडली, ही गमतीची गोष्ट आहे. १९५० साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात डायनर्स क्लब नावाचे कार्ड निघाले ते मुळी खानावळीत जेवणाऱ्या लोकांसाठी. जेवणारा कार्ड दाखवून जाई, महिन्याने एकदम पैसे भरी, आणि खानावळवाल्याच्या बिलातून कंपनी सात टक्के ठेवून घेई. आपल्या देशात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली क्रेडिट कार्ड काढले. तेव्हापासून शहरातल्या मोठ्या हॉटेलांना ही कपात ठाऊक होती. खेड्यात ती पोचली अलीकडे, म्हणजे ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर. पुढे २०२१ ते २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने लहान गावांत मशीन व क्यूआर बसविण्यासाठी वेगळा निधीही चालविला. त्यामुळे मशीन गावोगाव आले. हिशेब वाचायला मात्र कोणी शिकविले नाही.

आता मुख्य मुद्दा. मशीन एक, बिल एक, जेवण तेच, तरी गिऱ्हाइकाने काय पुढे केले यावर कपात वेगवेगळी असते. तीन गिऱ्हाइकांनी प्रत्येकी पाचशे रुपयांचे बिल दिले तर तिघांचे पैसे खात्यात सारखे जमा होतील असे नाही.

रुपेचे डेबिट कार्ड व यूपीआय (म्हणजे फोनने क्यूआर टिपून बँक खात्यातून थेट दिलेले पैसे) यांवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. ही कोणा बँकेची मेहेरबानी नव्हे, कायद्यातील तरतूद आहे. बँकांना होणाऱ्या खर्चाच्या भरपाईसाठी केंद्र सरकार मधूनमधून प्रोत्साहन रक्कम देते. २०२४-२५ या वर्षासाठी त्याकरिता १,५०० कोटी रुपयांची तरतूद झाली होती. २०२५ च्या जूनमध्ये यूपीआयवर आता शुल्क लागणार अशी आवई उठली, तेव्हा अर्थ मंत्रालयाने ती खोटी असल्याचे जाहीर केले.

व्हिसा किंवा मास्टरकार्ड छापलेल्या डेबिट कार्डावर मात्र कपात असते. तिला रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे. ज्या दुकानदाराची मागील आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के. त्याच्यावरच्यांना ०.९० टक्के. क्यूआरवरून डेबिट कार्ड चालले तर दोन्हींत आणखी ०.१० टक्का कमी. हा २० लाखांचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

क्रेडिट कार्डाला रिझर्व्ह बँकेने अशी कमाल मर्यादा घातलेली नाही. तेथे करारात जो दर लिहिला तो. सर्वसाधारणपणे दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान तो आढळतो.

येथे एक नवी गुंतागुंत झाली आहे. २०२२ च्या सप्टेंबरपासून रुपेचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. म्हणजे गिऱ्हाईक क्यूआर टिपतो, आपल्याला वाटते खात्यातून पैसे आले, फुकट. प्रत्यक्षात ते त्याच्या क्रेडिट कार्डातून आलेले असतात. लहान दुकानदारासाठी २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहाराला कपात नाही, त्यापुढे आहे. चहा-नाश्त्याच्या धंद्यात याचा त्रास नाही. पण धाब्यावर वऱ्हाड जेवून गेले व साडेतीन हजारांचे बिल क्यूआरने चुकते झाले, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस-पन्नास रुपये कमी आले, तर बँक लुटते म्हणून ओरडण्यापूर्वी हे तपासावे.

राहिला जीएसटी. बँकेने कापलेल्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे १०० रुपये शुल्क असेल तर ११८ जातात. पण कार्डाने झालेल्या एका व्यवहाराची रक्कम २,००० रुपयांपर्यंत असेल तर त्या व्यवहाराच्या शुल्कावर हा कर माफ आहे. ही सवलत बहुतेक हॉटेलवाल्यांना ठाऊक नाही, आणि त्यांची बहुतेक बिले दोन हजारांच्या आतलीच असतात. मोठा व्यापारी भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करून घेतो. हॉटेलवाल्याला ते जमत नाही, कारण तो जीएसटीत नोंदलेला नसतो, किंवा असला तरी ५ टक्क्यांच्या दरात बसतो व त्या दरात वजावट मिळत नाही. त्यामुळे शुल्कावरचा कर हा त्याचा सरळ खर्चच.

एवढे समजून घेतल्यावर आम्ही त्या सभासदांना मुलासह पुन्हा बोलावले व तो कागद उलगडला. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे सरळ करून येथे देतो.

त्या महिन्यात मशीनवर कार्डाने एकूण ३०,००० रुपये आले. त्यातले ५,००० रुपे डेबिटचे, १०,००० इतर डेबिट कार्डांचे व १५,००० क्रेडिट कार्डांचे. मुलाच्या मनात "दोन टक्के" बसलेले, म्हणून त्याच्या हिशेबाने ६०० रुपये जायला हवे होते. गेले होते ८८३ रुपये ६० पैसे.

रुपे डेबिटच्या ५,००० वर काही कापलेले नव्हते, ते बरोबर. इतर डेबिटच्या १०,००० वर ९० रुपये. क्रेडिटच्या १५,००० वर दोन टक्क्यांनी ३०० रुपये. त्यात साखरपुड्याच्या जेवणाचे एकच बिल ६,००० चे होते, त्याच्या १२० रुपये शुल्कावर जीएसटी २१ रुपये ६० पैसे. बाकी सारी बिले दोन हजारांच्या आतली, त्यांवर जीएसटी नाही. तेही बरोबर. ही सगळी बेरीज ४११ रुपये ६० पैसे होते. उरलेले ४७२ रुपये कोठे गेले?

ते मशीनचे भाडे होते. महिना ४०० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी ७२ रुपये.

मुलगा म्हणाला, "भाडं तं सांगतलंच नव्हतं." कागद काढला तर करारात ते होते, तिसऱ्या पानावर, बारीक टायपात. सही त्याचीच होती.

टक्केवारीवर सगळ्यांचे लक्ष असते, व लहान धंद्याला मारते ते भाडे. या हॉटेलची टक्केवारीची कपात शंभराला सव्वा-दीड रुपयाच्या आत होती. भाड्याने ती तीन रुपयांच्या जवळ नेली. ज्याचा कार्डाचा धंदा महिना एक लाख आहे, त्याला ४७२ रुपये भाडे म्हणजे अर्धा टक्काही नाही. तीस हजारवाल्याला ते दीड टक्क्यावर जाते. आणि पावसाळ्यात रस्ता सुना पडला, कार्डाने पाचच हजार आले, तरी ४७२ जायचेच, म्हणजे साडेनऊ टक्के. पीक कमी आले म्हणून मोटारीच्या विजेचे ठराविक बिल कमी होत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट ९० रुपयांची. हॉटेलची मागील वर्षाची उलाढाल रोख, यूपीआय, कार्ड सर्व धरून १८ लाखांच्या आसपास होती. म्हणजे २० लाखांच्या आत. त्याला इतर डेबिट कार्डावर ०.४० टक्क्याहून जास्त लागायला नको होते, ४० रुपये पुरे होते. अर्ज भरताना उलाढालीचा रकाना कोरा राहिला होता, म्हणून त्याला वरच्या गटात टाकले गेले. यात बँकेची लबाडी होती असे आम्ही म्हणणार नाही, रकाना मुलानेच कोरा सोडला. महिन्याला पन्नास रुपये ही रक्कम लहान आहे, पण वर्षाचे सहाशे होतात, आणि सहाशे रुपयांत उन्हाळ्यात रसवंतीवर तीस ग्लास रस विकावा लागतो, वीस रुपये ग्लासप्रमाणे, तोही खर्च न धरता.

मुलाने उलाढालीचे पत्र लिहून शाखेत दिले व त्याच्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेणे विसरू नये. तोंडी सांगितलेले बँकेत टिकत नाही, हा आमचा पीककर्जाच्या कामातला जुना अनुभव आहे. पुढच्या महिन्यापासून ०.४० लागले. भाड्याबद्दल व्यवस्थापकाने सांगितले की महिन्याला ठराविक रकमेचा व्यवहार होत असेल तर भाडे माफ होऊ शकते. ती रक्कम त्या हॉटेलच्या आवाक्याबाहेरची होती. मुलगा आता मशीन परत करून फोनवरच कार्ड टेकवून घेण्याची सोय विचारतो आहे. त्यात वेगळे मशीन लागत नाही, म्हणून भाडे कमी असते किंवा नसतेही. पण कराराचे वर्ष पुरे व्हायचे आहे, आधी सोडले तर दंड आहे. तोही तिसऱ्याच पानावर.

यावरून सभासदांच्या घरात कोणी नवे मशीन घेणार असेल तर सही करण्यापूर्वी काय विचारावे हे सहज लक्षात येईल. क्रेडिटला किती, डेबिटला किती, हे वेगवेगळे विचारावे. "सगळ्याला मिळून दोन टक्के" असे कोणी म्हणाला तर समजावे की शून्याच्या रुपे डेबिटचाही भाव तो दोनात धरतो आहे, व तसे मान्य करू नये. भाडे किती, जीएसटीसह किती, बसविण्याचे वेगळे किती, कागदाचे रोल कोण देणार, व्यवहार कमी झाला तर काही दंड आहे का, करार किती महिन्यांचा, हे सारे लेखी घ्यावे. पैसे खात्यात पूर्ण येऊन महिनाअखेर कपात होते, की रोजच कापून येते, तेही विचारावे. रोज कापून येत असेल तर वहीत लिहिताना चूक होते. विक्री १,००० ची झाली व खात्यात ९८० आले तर वहीत विक्री १,००० च लिहावी व २० रुपये खर्चात दाखवावेत. कराच्या हिशेबाला विक्री धरतात ती पूर्ण.

वहीवरून आठवले. २०२५ च्या जुलै महिन्यात कर्नाटकात विक्रीकर खात्याने यूपीआयच्या नोंदी पाहून लहान दुकानदारांना नोटिसा काढल्या, तेव्हा बंगळुरूत कित्येकांनी क्यूआर काढून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. आपल्याकडेही काही मुलांनी आम्हाला विचारले, आम्हीही काढून टाकू का? क्यूआर काढल्याने उलाढाल कमी होत नाही. हॉटेलासारख्या सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, मग पैसे रोख आलेले असोत की फोनवर. उलाढाल आत असेल तर घाबरण्याचे कारण नाही, फक्त वही नीट असावी. घरचे उसाचे पैसे, उसनवार व हॉटेलचा गल्ला एकाच बचत खात्यात येत असतील तर उद्या कोणी विचारल्यावर वेगळे करून दाखविताना नाकी नऊ येतात. हॉटेलचे चालू खाते वेगळे ठेवावे.

मग कार्ड घ्यावेच का, असा प्रश्न राहतो. चहाच्या टपरीला व रसवंतीला मशीनचे काम नाही, क्यूआरचा कागद पुरे. बोलणारा डबा घेतला तर त्याचेही महिन्याचे भाडे असते, ते धरून चालावे. तरी गर्दीत खोटा फोटो दाखवून निघून जाणारे महाभाग असतात, त्यांच्यासाठी तो डबा उपयोगी आहे, असा वरवट बकालच्या बाजारातील दुकानदारांचा अनुभव आम्ही ऐकला. जेवणाचे हॉटेल रस्त्याला असेल, गाड्या थांबत असतील, चार-पाच माणसांचे बिल हजाराच्या घरात जात असेल, तर मशीन ठेवायला हरकत नाही. कार्ड नाही म्हणून पुढच्या धाब्यावर गेलेली एक गाडी हे हजाराच्या विक्रीवरचे शंभर रुपये नफ्याचे नुकसान आहे. कार्ड घेतले तर त्यातले वीस जातील. अशा पाच गाड्या महिन्याला जास्त थांबल्या तर नफा चारशे होतो, व भाडे ४७२ आहे. सहा थांबल्या तर आठ रुपये उरतात. हिशेब असा बसवावा. मशीनवाला येऊन "धंदा दुप्पट होईल" म्हणतो त्यावर बसवू नये.

काही ठिकाणी गल्ल्याजवळ "कार्डावर दोन टक्के जास्त पडतील" अशी पाटी असते. ही पाटी लावू नये. डेबिट कार्डाची कपात गिऱ्हाइकावर टाकू देऊ नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत आपण बँकेशी केलेल्या करारात बहुधा तशी मनाई लिहिलेली असते, आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली तर बँक मशीन काढून नेते. खर्च भरून काढायचा तर ताटाचा भाव ठरवितानाच तो धरावा, गॅस-तेलाचा धरतो तसा. सरळ मार्ग आणखी एक आहे. गिऱ्हाइकाला नम्रपणे विचारावे, "भाऊ, फोनवरून जमेल का?" पुष्कळ लोक हो म्हणतात, व खात्यातून आलेल्या त्या पैशात कपात शून्य.

मशीनमधून निघणारी दुकानदाराची पावती फेकू नये, काही महिने जपून ठेवावी. गिऱ्हाइकाने नंतर आपल्या बँकेला "हा व्यवहार मी केलाच नाही" असे कळविले तर ती रक्कम आपल्या खात्यातून परत जाऊ शकते, आणि तेव्हा ही पावतीच आपला पुरावा असतो. मोठ्या जेवणाच्या बिलाला तर ती बिलालाच टाचून ठेवावी.

हिशेबात चूक आढळली तर आधी आपल्या बँकेला लेखी तक्रार द्यावी व तक्रार क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत व वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. कोणी फसवून पैसे काढले असतील तर मात्र तीस दिवस थांबू नये, त्याच घटकेला १९३० वर कळवावे.

ज्या सभासदांच्या घरी असे मशीन आहे त्यांनी मागील तीन महिन्यांचे हिशेबाचे कागद व कराराची प्रत, तिसऱ्या पानासह, घेऊन गट कार्यालयात यावे. ऊसनोंदीच्या कामाची गर्दी सकाळी असते. दुपारी तीननंतर आलात तर बसून पाहता येईल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग